दोन आठवड्यांचा खोकला

दोहा, १४ सप्टेंबर

उस्मानचाचांना सलाम,

ओळखलंत का? मे महिन्यात तुम्ही खोकल्यासाठी आरोग्य केंद्रात आला होतात. तेव्हा तुमच्या आणि डॉ. जियादच्या मधल्या खुर्चीत बसून तुमचं हिंदी इंग्रजीत आणि त्यांचं इंग्रजी हिंदीत करणारी मुलगी म्हणजे मी, पूर्णिमा. गळ्यात स्वयंसेवकाचा पिवळा बिल्ला होता. मी नाशिकची आहे म्हटल्यावर तुम्ही खूश झालात आणि मला ‘डॉक्टरीणबाय’ म्हणायला लागलात. दुसऱ्या दिवशी सूक वाकिफच्या बाजारात तुमच्या मसाल्याच्या दुकानावरून जाताना तुम्ही हाक मारलीत, हळदीची पुडी हातात कोंबलीत आणि साजिदाच्या निकाहचं कार्ड दिलंत. कार्डाची एक बाजू उर्दूत आहे, ती मला नुसती नक्षी दिसते. दुसरी इंग्रजीत आहे, त्यावर बाणकोटचा पत्ता आहे. म्हणून हे पत्र.

निकाह छान पार पडला असेल. साजिदाला माझ्याकडून मुबारक सांगा.

सहजच लिहितेय. विशेष काही नाही.

इथे माझं तेच चाललंय. तुम्ही विचारलं होतंत, डॉक्टर व्हायला अजून किती दिवस, आणि मी हसले होते. चाचा, मी सध्या डॉक्टर होत नाहीये, डॉक्टर होण्यासाठी अर्ज करायला लायक होतेय. भारतातली नीट दोनदा दिली आणि दोन्ही वेळा आपटले. मग बाबांनी शोधून काढलं की इथल्या वैद्यकीय कॉलेजात डिग्री झाल्यावरही घेतात. म्हणून चार वर्षं बायॉलॉजी. शिवाय एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा, दोनशे तास स्वयंसेवा, डॉक्टरांच्या मागे फिरल्याच्या सह्या, शिफारसपत्रं आणि या सगळ्यावर एक निबंध: मला डॉक्टर का व्हायचंय.

पहिला निबंध मी आत्याच्या मधुमेहावर लिहिला. युनिव्हर्सिटीत आम्हा अर्जदारांना सांभाळायला रिफत मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, दरवर्षी मी चाळीस मधुमेह वाचते. यात तू कुठे आहेस?

म्हणून मग मी तुमच्यावर लिहिलं. नाव बदललंय, काळजी नको. परक्या देशात एका माणसाला दुखणं सांगायला भाषा नव्हती आणि मी त्याचा आवाज झाले, असं. मॅडमनी दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. आता त्या तो निबंध पुढच्या वर्गाला नमुना म्हणून वाचून दाखवतात.

बरं, तुमचा खोकला गेला ना? नसेल तर एकदा छातीचा एक्स-रे काढून घ्या. थुंकीची तपासणीही करा, सरकारी दवाखान्यात होते. उगीच आपलं सांगून ठेवते.

खाली माझा नंबर आहे. लिहायचा कंटाळा आला तर नुसता मिस्ड कॉल द्या.

तुमची,
पूर्णिमा


दोहा, ५ ऑक्टोबर

उस्मानचाचा,

तीन आठवडे झाले. पोस्टाच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, वीस दिवसांत पोचेल. म्हणजे आज-उद्या तुमच्या हातात पडत असेल. पण मला दम नाही.

मागच्या पत्रात मी ‘सहज’ लिहिलं. ते सहज नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी तुमचा मुदस्सिर केंद्रात आला होता. पंधरा वर्षं तुमच्याबरोबर दुकानात आणि तितकीच वर्षं एका खोलीत राहणारा माणूस, तुम्हाला मी त्याच्याबद्दल काय सांगणार. गालफडं बसलेली. लिसी सिस्टरनी मला मुद्दाम बोलावलं, म्हणाल्या, तुझ्याच भागातला पेशंट आहे. मी माझ्या खुर्चीत बसले. डॉ. जियादनी विचारलं, घरात अजून कुणाला खोकला? मुदस्सिर मला म्हणाला, “उस्मानभाईंना होता की. असाच, रमजानपासून.”

मी इंग्रजीत सांगितलं: याच्याबरोबर राहणाऱ्याला होता, तो भारतात गेला.

रमजान मी गाळला. पण डॉ. जियाद अरब आहेत, बाकी काही कळलं नाही तरी तेवढा शब्द कसा चुकेल. त्यांनी मान वर केली. “रमजान? रमजानचं काय म्हणाला?”

चाचा, एका सेकंदात माझ्या तोंडून बाहेर पडलं: तो म्हणतो, त्याने पूर्ण महिना रोजे ठेवले होते.

डॉक्टर हसले, मुदस्सिरला म्हणाले, माशाल्ला. मुदस्सिरही हसला, त्याला काय कळणार. मी पण हसले.

चार दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. टीबी. त्याला औषधं सुरू झालीत, तो बरा होईल, तिकडे लक्ष आहे सगळ्यांचं. तुमच्याकडे कुणाचंच नाही. का नाही, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला. तरी एकदा लिहून टाकते, कारण हे मी अजून कुठेच लिहिलेलं नाही.

त्या दिवशी मे महिन्यात तुम्ही हिंदीत बोलत होतात. डॉक्टरांनी विचारलं, खोकला किती दिवस. तुम्ही सिस्टरकडे बघितलंत. सिस्टर केरळच्या, त्यांना हिंदी कळतं. मग तुम्ही माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून मराठीत आलात. “बाय, दोन महिनं झालं. पण यांना दोन आठवडं सांग. पोरीचा निकाह हाय. तपासण्या लावतील, रजा जाईल. मना इथं अडकवू नको.”

आणि मी सांगितलं: टू वीक्स.

मला माहीत नव्हतं असं नाही. एमकॅटसाठी नाही, पण स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की जुना खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन म्हणजे थेट तपासणी. पट्ट्याला तुम्ही खिळ्याने नवीन भोक पाडलं होतंत, ते मला दिसत होतं. मसाल्याच्या दुकानात बसणारा माणूस खोकणारच, तिखटाची धूळ असते, असं मी स्वतःला समजावलं. तुम्हाला सिरप दिलं, गोळ्या दिल्या आणि खलास.

आपलं माणूस समजून तुम्ही मराठीत आलात. चार वर्षांत या शहरात मला कुणी इतक्या विश्वासाने काही मागितलं नव्हतं. म्हणून दिलं. निबंधात यातलं काही नाही.

चाचा, तपासणी करा. मुनीराचाचींनाही घेऊन जा. साजिदा येत-जात असेल तर तिलाही.

पूर्णिमा


दोहा, २३ ऑक्टोबर

उस्मानचाचा,

मिस्ड कॉल नाही, काही नाही.

तुम्ही म्हणाल, ही पोरगी फोन का करत नाही. कार्डावर नंबर आहे ना. आहे. केलाही होता. मंगळवारी दुपारी, लायब्ररीच्या जिन्यात उभी राहून. एका मुलीने उचलला, साजिदा असेल, नाहीतर शेजारची कुणी. “हॅलो, कोन बोलताय?” मागे कुणीतरी खोकत होतं. तुम्हीच असाल, किंवा नसालही, गावात खोकणारी माणसं कमी का असतात. मी फोन ठेवला. काय सांगणार होते? मी दोह्याची ती, जिने तुमच्या वडिलांचं खोटं भाषांतर केलं?

कागदावर मी शूर आहे. फोनवर नाही.

आज मी तुमच्यावर चिडले आहे, तेही सांगून टाकते. तुम्ही मला सांगायला लावलंत. मी एकवीस वर्षांची आणि तुम्ही पंचावन्नचे. घरच्या वडीलधाऱ्या माणसाने हळू आवाजात काही मागितलं तर आमच्याकडे ‘नाही’ म्हणायची सवय लावलेली नसते, तुम्हाला ते बरोबर ठाऊक होतं. तुम्ही निकाहला गेलात, बिर्याणी खाल्लीत, आणि मी इथे तुमच्या दोन आठवड्यांवर बसून आहे. उठता येत नाही. पत्राला उत्तर देणंही तुम्हाला जमत नाही?

झालं. आता जरा बरं वाटतंय. म्हणजे वाटत नाही, पण लिहून झालं.

चिडण्याचं खरं कारण वेगळं आहे. मुदस्सिरचं निदान झाल्यावर केंद्रातून चौकशी सुरू झाली की त्याच्याबरोबर कोण राहत होतं. दुकानाच्या मालकाकडे तुमचा गावचा पत्ता अर्धवट निघाला. मुदस्सिर दापोलीचा, त्याला एवढंच माहीत की तुम्ही बाणकोटकडचे. तुमचा इथला नंबर तर बंद. मग लिसी सिस्टरनी मला विचारलं, “तू त्यांच्याशी बोलायचीस. काही ठावठिकाणा?”

कार्ड तेव्हा माझ्या बॅगेत होतं, एमकॅटच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं.

मी म्हटलं, नाही सिस्टर.

कारण पत्ता दिला तर ते तुमच्यापर्यंत पोचणार. पोचले की विचारणार, खोकला कधीपासून होता. तुम्ही म्हणणार, त्या पोरीला सांगितलं होतं की. मग स्वयंसेवकाची वही उघडणार, आणि केंद्राने दिलेलं माझं शिफारसपत्र, ज्यात लिहिलंय की ही मुलगी रुग्णाचा प्रत्येक शब्द जपून पोचवते, ते परत मागवणार. त्या पत्राशिवाय अर्ज नाही. अर्जाशिवाय काही नाही. बाबांचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. मग अल गराफाचं हे घर सोडायचं आणि नाशिकला जायचं, हातात बायॉलॉजीची डिग्री आणि दोन नापास नीट घेऊन.

म्हणून मी तुम्हाला पत्रं लिहिते. तुम्ही स्वतःहून तपासणी केलीत तर पत्ता द्यावा लागणार नाही, तुम्हीही वाचाल आणि मीही. किती हुशार आहे ना मी. रिफत मॅडम म्हणतात, तू गुंतागुंतीच्या परिस्थितीत मार्ग काढतेस.

अकरा नोव्हेंबरला मुलाखत आहे. बोलावणं आलंय. आईने शिरा केला होता.

पूर्णिमा


दोहा, १० नोव्हेंबर

उस्मानचाचा,

उद्या मुलाखत. सकाळपासून खोलीत आहे. खिडकीला जाड पडदा, एसीची घरघर, टेबलावर आईने ठेवलेले काजू-बदाम. कुणी मला कोंडलेलं नाही. दार उघडंच आहे. तरी बाहेर जाऊन काय करू, ते सुचत नाही.

शुक्रवारी एक गोष्ट घडली, ती सांगते.

माझे बाबा, सदानंद नाव त्यांचं, रास लफानला गॅसच्या प्लँटवर सेफ्टीत आहेत. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. लहानपणापासून आमच्या घरात एकच प्रवचन, ते म्हणजे ‘निअर मिस’. प्लँटवर अपघात होता होता वाचला, एखादा पाना वरून पडला आणि कुणाला लागला नाही, तरी ज्याच्या हातून पडला त्याने स्वतः फॉर्म भरायचा. जो भरतो त्याला शिक्षा नाही, जो लपवतो त्याला आहे. बाबा म्हणतात, लपवलेला पाना दुसऱ्यांदा डोक्यावरच पडतो. कैवल्य, माझा धाकटा भाऊ, त्यांची नक्कल करतो तेव्हा बाबाही हसतात.

तर शुक्रवारी सुट्टी, बाबा घरी. मुलाखतीच्या सरावासाठी ते पॅनेल झाले आणि मी उमेदवार. “डिस्क्राइब अ मिस्टेक,” ते म्हणाले. मी तयार केलेलं उत्तर म्हणजे लॅबमध्ये चुकीचं लेबल लावल्याचं. ते सांगायला तोंड उघडलं आणि तुमचं सगळं सांगून बसले. दोन महिने, दोन आठवडे, रमजान, कार्ड, सगळं. मराठीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

मला वाटलं होतं, बाबा फॉर्म आणतील.

बाबांनी हातातला प्रश्नांचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, “हे अजून कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. फक्त उस्मानचाचांना लिहिलंय.”

“लिहिलंयस? कागदावर?” त्यांचा चेहरा उतरला. “पूर्णिमा, अकरा तारीख होऊ दे. मग प्रवेशाची यादी लागू दे. मग बघू. तोपर्यंत एक शब्द नाही.”

“बाबा, निअर मिस?”

“ते प्लँटवर,” बाबा म्हणाले. आणि उठून गाडी धुवायला गेले. गाडी दोनच दिवसांपूर्वी धुतली होती.

आई आत आली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, उत्तर सोपं दे, ते लेबलचंच दे. तिचा आवाज इतका गोड होता की मला रडू आलं. या घरात माझं कुणीही वाईट चिंतत नाही, चाचा. सगळे माझ्या भल्यासाठीच मला आत ठेवतायत. आणि मीही आतच बसलेय.

तुम्हाला तीन पत्रं लिहिली. आता हे चौथं. तुम्हाला सगळं कळवलंय, तपासणी करा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलंय. याहून जास्त काय करू शकते मी? तुम्ही वाचलं असेल, तुम्ही शहाणे आहात, तुम्ही गेला असाल दवाखान्यात. उद्या पॅनेलसमोर बसताना मी हेच धरून बसणार आहे, की तुम्हाला माहीत आहे.

इन्शाल्ला म्हणा माझ्यासाठी.

पूर्णिमा


दोहा, २७ नोव्हेंबर

साजिदा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, कागदाचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतेय. टाईप केलं असतं तर मी पाच वेळा खोडलं असतं. पेनाने लिहिलेलं लपत नाही, म्हणून पेनाने.

यातला पहिला भाग तुझ्यासाठी आहे. तुझ्या वडिलांचं पत्र त्यानंतर सुरू होतं. ते तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचंस.

चौदा तारखेला तुझा फोन आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये होते. मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. पॅनेलमधल्या एका बाईंनी शेवटी विचारलं होतं, “तुमच्या निबंधातल्या त्या गृहस्थांचं पुढे काय झालं?” मी म्हणाले, ते मुलीच्या लग्नासाठी घरी परतले. सगळ्यांना ते फार आवडलं. निघताना त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. बाबांनी त्या रात्री सूक वाकिफमधून मिठाई आणली, तुमच्या दुकानाच्या शेजारून.

आणि मग तू म्हणालीस, “ताई, तुमी लिवलेली तीन पत्रं आज वाचली. अब्बांनी निकाहच्या आल्बममधे ठेवली होती. येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायचे, दोह्याच्या डॉक्टरीणबायचं पत्र आलंय म्हनून. पन उघडली नव्हती.”

मी विचारलं, का?

“अब्बा उर्दू शाळेत शिकलेले ना. मराठी बोलतात, वाचता येत नाय. अम्मीलापन नाय. म्हनायचे, साजिदा येईल तवा वाचंल.”

त्या कार्डाची उर्दू बाजू माझ्यासमोर सहा महिने होती, साजिदा. मी तिला नक्षी म्हटलं. मराठी बोलणारा माणूस मराठी वाचतच असणार, हे मी इतकं धरून चालले होते की विचारायचंही सुचलं नाही. दोन महिने मी मनाशी म्हणत होते, त्यांना सांगितलंय. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आल्बममध्ये ठेवलेल्या पाकिटांना सांगितलं होतं.

सोळा तारखेला, रविवारी, मी कार्ड घेऊन केंद्रात गेले. बाबांना न सांगता. डॉ. जियाद आणि लिसी सिस्टर दोघांसमोर बोलले. डॉ. जियादनी मे महिन्याची नोंद उघडली, बघितली आणि एकच विचारलं, “आणि रोजे? तेही तूच बनवलंस?” मी हो म्हटलं. मला त्या प्रश्नाची जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाची नाही. लिसी सिस्टर बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, “महिने मलाही ऐकू आलं होतं. पण तू आठवडे म्हणालीस, मी आठवडे टाईप केलं.” आणि त्या माझ्याशेजारी बाकावर बसून राहिल्या, कितीतरी वेळ.

शिफारसपत्र केंद्राने परत घेतलं. रिफत मॅडमना मीच जाऊन सांगितलं, आणि अर्ज मागे घेतला. त्या म्हणाल्या, “हा निबंध तू लिहायला हवा होतास.” मी म्हटलं, मॅडम, हा वाचून कुणी प्रवेश देणार नाही. त्या म्हणाल्या, “नाही, देणार नाही.” चष्मा या वेळी पुसला नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण जेवायला चल एवढंच. मार्चनंतर नाशिक. पुढे काय, ते माहीत नाही, आणि हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाहीये. तू फोनवर विचारलंस म्हणून सांगितलं.

आता तुझं. सोमवारी तू म्हणालीस, रिपोर्ट आला, गोळ्या चालू झाल्या, पण अब्बांना आम्ही दमा सांगितलाय. टीबी ऐकून खचतील, गावात कळलं तर लोक येणं-जाणं सोडतील, तुझ्या सासरी काय म्हणतील. आणि मग म्हणालीस, पाच-सहा दिवसांत ताप उतरला, आता अब्बा म्हणतात दमा बरा झाला, गोळ्या कशाला. दोन दिवस घेतल्याच नाहीत.

साजिदा, मी तुला ओरडू शकत नाही. तू आत्ता जे करतेयस तेच मी मे महिन्यात त्या खुर्चीत केलं. त्यांच्या भल्यासाठी. तुझ्या आवाजात तोच गोडवा आहे जो त्या दिवशी माझ्या आईच्या आवाजात होता. पण दम्याच्या गोळ्या बरं वाटल्यावर सोडता येतील असं माणसाला वाटतं. या गोळ्या सहा महिने. मधे सोडल्या तर तो रोग परत येतो आणि मग याच गोळ्यांना दाद देत नाही. हे मी पुस्तकातून लिहीत नाही, दवाखान्यात टीबीच्या गोळ्या समोर घ्यायला लावणाऱ्या डॉट्सच्या ताई असतील त्यांना विचार. मुनीराचाचींची आणि तुझी तपासणी झाली का? झाली नसेल तर उद्या.

इथून पुढचं त्यांना वाच. त्यांच्या जवळ बस, पण खिडकी उघडी ठेव. तू आता माझ्या खुर्चीत आहेस. तुला वाटेल, हा शब्द जरा मऊ करावा, हे वाक्य गाळावं. ते विचारतील, काय लिहिलंय, आणि तुला वाटेल, खुशाली लिहिलीय म्हणावं. एक शब्द बदलू नकोस. मी बदलला होता.


उस्मानचाचांना सलाम.

ही दोह्याची पूर्णिमा. तुम्ही मला डॉक्टरीणबाय म्हणता. मी डॉक्टर नाही, आणि आता बहुतेक होणारही नाही. त्यात तुमचा दोष नाही. ऑक्टोबरात मी तुमच्यावर चिडून एक पत्र लिहिलं होतं, ते साजिदाने वाचून दाखवलं नसेल तर राहू दे. वाचलं असेल तर मला माफ करा.

साजिदा म्हणाली की तुम्ही सगळ्यांना सांगता, खोटं मीच सांगायला लावलं, पोरीला काही बोलू नका. चाचा, तुम्ही मागितलं ते बाप म्हणून मागितलं. द्यायचं की नाही, ते माझ्या हातात होतं.

मुदस्सिर बरा आहे, वजन वाढलंय. तुम्हाला सलाम सांगितलाय. तो रोज गोळ्या घेतो, दुकानात सगळ्यांना सांगून घेतो, लाजत नाही.

तुम्हाला दमा नाही. तुम्हाला टीबी आहे. मुदस्सिरला आहे तोच. मे महिन्यात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात तेव्हाही तोच होता. तुमच्या घरच्यांनी लपवला, कारण त्यांचा तुमच्यावर जीव आहे. औषध सहा महिने घ्यायचं आहे, बरं वाटलं तरी. दोन दिवस बुडवलेत तेवढे पुरे. आजची गोळी आत्ता घ्या. साजिदा पाणी आणेपर्यंत मी थांबते.

घेतली?

डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, खोकला किती दिवस. तुम्ही मला खरं सांगितलं होतंत. ते मी आता पोचवलंय, केंद्राच्या वहीत आहे, माझ्या सहीने. दोन महिने.

तुमची,
पूर्णिमा